डोळ्यातली छत्री

परसातल्या लिंबोणीखाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यात छत्री दिसायचं काही कारण नाही.

पावसातली छत्री म्हणत नाही मी. फोटो स्टुडिओत दिव्यापुढे उघडून ठेवतात ती पांढरी छत्री. दिव्याचा झोत तिच्यावर पडतो, उजेड मऊ होऊन गिऱ्हाइकाच्या तोंडावर येतो आणि बुबुळात तिचा एक बारका पांढरा ठिपका उमटतो. तो असला की फोटोतला माणूस जिवंत वाटतो, नसला की तोच माणूस तापातून उठल्यासारखा दिसतो. नसला तर मी तो घालायची. इचलकरंजीत निम्म्या गावाच्या डोळ्यांत माझ्या हातचा ठिपका आहे, असं म्हटलं तर फारसं खोटं होणार नाही.

त्या सकाळी भूपाल लिंबोणीखाली खुर्ची टाकून शेंगा फोडत बसले होते. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. 'भूपाल-राजमती फोटो' अशी पाटी आमच्या दुकानावर पस्तीस वर्षं होती. फोटो ते काढायचे, रिटचिंग, म्हणजे फोटोवर हात फिरवून तो सुधारणं, माझ्याकडे. 'इकडं बघा, इकडं!' ही त्यांची हाक. नवरीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळा गाव त्या हाकेसरशी त्यांच्याकडे बघायचा.

मी चहा नेऊन दिला आणि सहज तोंडाकडे बघितलं. दोन्ही डोळ्यांत छत्री. नाकाची सावली उजव्या गालावर, स्टुडिओत पडते तशी. आणि ऊन तर त्यांच्या पाठीमागून येत होतं.

"काय बघायलीस?" ते म्हणाले. ओठ हलले, भुवई वर गेली. छत्री जागच्या जागी.

"काही नाही. चहा प्या."



आता माझ्या डोळ्यांचं सांगायला हवं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध तिळाएवढी एक जागा असते. वाचणं, सुई ओवणं, माणूस ओळखणं ही सगळी बारीक कामं ती एकटी करते. बाकीचा एवढा मोठा पडदा नुसतं कडेकडेचं, मोघम बघतो. माझी ती जागा साठीनंतर वाळून गेली. मी आंधळी झाले नाही. खोली दिसायची, दार दिसायचं, दारात उभा राहिलेला माणूस दिसायचा, फक्त त्याच्या तोंडाच्या जागी राखाडी डाग. ज्याच्याकडे बघावं तोच पुसला जायचा. सगळा जन्म लोकांची तोंडं निरखण्यात गेलेल्या बाईला नेमकं हे व्हावं, याचा मला भयंकर राग आला होता. अजूनही आहे.

मग आमच्या मुलीनं, त्रिशलानं, उपाय शोधला. ती जर्मनीत असते. त्या वाळलेल्या जागेखाली नखाएवढीही नाही अशी एक चिप बसवतात आणि वर एक चष्मा देतात. चष्म्यातला कॅमेरा जे बघतो ते न दिसणाऱ्या किरणांतून चिपला कळवतो, चिप आतल्या नसांना जागं करते आणि माणसाला दिसतं. अडचण एकच होती, उष्णतेची. कॅमेऱ्याचं सगळं चित्र क्षणोक्षणी आत पाठवलं तर चिप तापते, आणि डोळा म्हणजे काही तवा नव्हे. म्हणून कंपनीनं एक तोड काढली. आपल्या माणसांची तोंडं फोटोंवरून आधीच चिपमध्ये भरून ठेवायची. मग चष्मा आत एवढंच कळवतो: हे भूपाल, मान जरा डावीकडे, ओठ उघडे, भुवई वर. तोंड आतलं, हालचाल बाहेरची. अनोळखी माणूस समोर आला तर जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोसारखं ठिपक्याठिपक्यांचं, ओबडधोबड काहीतरी दिसतं. घरची माणसं मात्र लख्ख.

डॉक्टरांनी समजावताना सांगितलं होतं की यात नवं काही नाही. चांगल्या डोळ्याच्या पडद्यालाही नस बाहेर पडते तिथं एक भोक असतं. मेंदू आजूबाजूचं बघून ते बुजवतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मला ते लगेच पटलं. रिटचिंग म्हणजे तरी दुसरं काय? फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मेंदू आजूबाजूचं बघून बुजवतो. चष्मा अल्बम बघून बुजवत होता.

कंपनीनं बजावलं होतं, रोजचे, साधे, अलीकडचे फोटो द्या. आता स्टुडिओवाल्याच्या घरातून साधा फोटो कोण बाहेर देईल? फोटो मीच निवडले. स्टुडिओच्या रौप्यमहोत्सवाला भूपालना बळेबळे छत्रीसमोर बसवून काढले होते ते. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस, त्यांचे धड म्हणावेत असे तेवढेच फोटो. त्यांवर मी मन लावून काम केलं होतं. हनुवटीवरचा व्रण घालवला, डोळ्यांखालचं काळं उजळलं, बुबुळातला ठिपका जरा ठळक केला. चिप बसवून घरी आले, त्यांच्याकडे बघितलं आणि मला रडूच फुटलं. काय देखणे दिसत होते! दोन वर्षं झाली, तसेच देखणे दिसत होते. छत्री त्यांच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून असणार, घरात दिव्याखाली ती मला खटकली नाही, एवढंच.

आणि आता एकेक आठवायला लागलं. मागच्या महिन्यात शेजारच्या आक्काताई बिरनाळे म्हणाल्या होत्या, "भूपालअण्णा लई वाळलेत हो." मी फाडकन म्हणाले होते, "डोळे तपासून घ्या तुमचे. तोंड बघा कसं टवटवीत आहे." म्हणजे डोळे गेलेल्या बाईनं डोळस बाईला हे ऐकवावं! आक्काताई त्या दिवसापासून आमच्या दारात आल्या नव्हत्या.

मी तिथल्या तिथं चष्मा काढला.

चष्मा काढला की चिप मुकी होते आणि तो राखाडी डाग परत येतो. पण चिप बसवण्याआधी मिरजेच्या दवाखान्यातल्या एका बाईंनी मला एक युक्ती सांगितली होती. वस्तूकडे बघायचं नाही, तिच्या बाजूला बघायचं. डाग बाजूला सरकतो आणि वस्तू पडद्याच्या चांगल्या भागावर येते. तेव्हा मला तो वेडेपणा वाटला होता. आता मी भूपालकडे न बघता लिंबोणीच्या फांदीकडे बघितलं. फांदी पुसली गेली, आणि खाली, कडेला, भूपाल आले.

अंधुक होते, पण होते. कॉलर गळ्याभोवती पातेल्याच्या काठासारखी उभी होती आणि तिच्या मधे मान नुसती काडी. गालांच्या जागी खड्डे. आणि रंग... कडेच्या नजरेला रंग नीट कळत नाहीत, तरीही पांढऱ्या शर्टावर ते तोंड पिवळं आहे हे कळत होतं.

"चष्मा का काढलास?"

"पुसायला."

"मग पूस की. झाडाकडं काय बघायलीस?"

"तुम्हालाच बघतीय," मी म्हणाले आणि हात पुढे करून त्यांच्या गालावर ठेवला. हाताला हाडच लागलं. दोन वर्षांत मी त्यांच्या तोंडाला हात लावला नव्हता. आमच्या वयात कोण लावतं? आणि दिसत असताना चाचपायचं कशाला?

त्यांनी मान मागे घेतली. "उन्हाळा आहे. भूक कमी झालीय," म्हणाले आणि शेंगांची टोपली उचलून आत निघून गेले.

दुपारी मी त्रिशलाला फोन लावला. तिला आठवा महिना होता, मला तिला घाबरवायचं नव्हतं, पण माझा आवाज काही माझ्या ताब्यात नव्हता.

"आई, मी रोज अप्पांना बघते," ती म्हणाली. "रोज. एकदम छान दिसतात गं."

"कशातनं बघतीस?"

"म्हणजे? व्हिडिओवर."

"व्हिडिओवर तोंड कसं येतं ते तूच मला समजावलं होतंस. आठव जरा."

हल्ली फोनवरच्या व्हिडिओत सगळं चित्र जात नाही. तेवढा भार कोण वाहणार? माणसाचं तोंड एकदाच साठवून ठेवतात आणि पुढे नुसती हालचाल पाठवतात. माझ्या चिपच्या कंपनीनं ती कल्पना तिथूनच उचलली होती. आणि भूपालच्या नावावर साठवलेलं तोंड रौप्यमहोत्सवाचंच होतं, ते मीच तिला पाठवलं होतं.

त्रिशलाला ते आठवलं असावं. मग म्हणाली, "पण आई, तुला दिसत नाही. मला दिसतं."

लगेच तिनं जीभ चावली असणार, कारण तीनदा 'सॉरी' म्हणाली. मग म्हणाली, "तुझं समाधान होत नसेल तर आजचा ताजा फोटो काढ आणि चिपमध्ये भर. छत्री जाईल, आणि तुला खरं काय ते दिसेल." ते मला मान्य होतं.

ताजा फोटो काढायला डोळस माणूस हवा, म्हणून मी मुकाट्यानं आक्काताईंचं दार वाजवलं. "तुमचं खरं होतं," एवढंच म्हणाले. आक्काताईंनी मोबाइल उचलला, पायात चपला अडकवल्या आणि आल्या. असल्या बाबतीत बाई मोठ्या मनाची. भूपालनी नवा शर्ट घातला, अंगणात उभे राहिले, फोटो झाला. चिपमध्ये भरायचं काम त्रिशलानं तिकडून बसल्या जागी केलं.

मी चष्मा लावला. शर्ट नवा होता. डोळ्यांतली छत्री गेली होती. आणि गाल भरलेले, रंग उजळ, जसेच्या तसे.

"आक्काताई, तुमच्या फोनमध्ये तोंड सुधारायचं बंद कुठं करायचं?"

"काय बंद करायचं?" त्यांना कळेचना. "फोटो चांगला येतोय की."

त्यांचं चुकलं नव्हतं. फोनमध्ये तसं बटणच उरलं नव्हतं. तोंड पिवळं दिसलं तर फोन समजतो, खोलीतल्या दिव्याचा दोष, आणि तो पुसतो. गाल खोल दिसला तर समजतो, सावली, आणि ती भरतो. याच फोनांनी आमचा धंदा बसवला होता. सगळं जग आता रिटचर झालं होतं, आणि न पुसलेलं तोंड दाखवेल असा कॅमेरा आमच्या ओळखीत कुणाकडे राहिला नव्हता.

भूपाल फोटो बघून हसले. "बघ. काय झालंय मला?"

त्या हसण्यातच ते सापडले. माणूस निर्धास्त असला की असा सुटल्यासारखा हसत नाही. आक्काताई गेल्यावर मी दार लावलं.

"मिरजेच्या दवाखान्यात कधी गेला होतात?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. आत्ता."

ते खाटेवर बसले. चादरीची सुरकुती सारखी करत राहिले.

"पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ आहे," ते म्हणाले. "लहान आहे अजून. पुण्याला ऑपरेशन होतंय म्हणतात. महिन्याच्या आत केलं तर निघेल, नंतर सांगता येत नाही."

"मग थांबलाय कशाला?"

"पेशंटबरोबर एक माणूस लागतोय तिथं. बघणारा. पोटातनं नळी काढलेली असते, तिच्यातलं पाणी कुठल्या रंगाचं येतंय, डोळं परत पिवळं व्हायलेत काय, हे सोबतच्यानं ध्यान ठेवायचं असतंय. नर्सबाई सारख्या थोड्याच बसून राहणार? त्रिशलाला आता विमानात बसता येत नाही. सांगितलं तर ती पोरगी बसेल, म्हणून सांगितलं नाही. राहिलीस तू."

"मग मी येते."

"तुझ्या चष्म्याला मी बरा दिसतोय, राजमती. मी मेलो तरी बरा दिसेन."

 तेच पुढे म्हणाले, अगदी हळू, "आणि खरं सांगू? मला ते आवडायलंय. आरशात बघवत नाही मला. तुझ्यापुढं आलो की वाटतं, एका जागी तरी मी धड आहे. तसाच राहू दे की. नाहीतरी भिंतीवर लावायला तोच फोटो आहे. हार घालायला वेगळा शोधायला नको."

राग माझ्या टाळक्यात गेला. पस्तीस वर्षं मी लोकांच्या मेलेल्या माणसांचे फोटो हार घालायला तयार करून दिले. कुणाचा कोट बदलला, कुणाचे दात बसवले. लोक फोटो छातीशी धरून रडत जायचे आणि मला त्यात समाधान वाटायचं, ते माझं कामच होतं. पण जिवंत माणसाच्या समोर बसून त्याचा हाराचा फोटो बघत राहणं, दोन-दोन वर्षं? हे माझं काम नव्हतं. माझा नवरा त्या खाटेवर होता, तिथं हाडं आणि हळद होऊन बसला होता, आणि मला तो हवा होता.

मी चष्मा काढला, स्वयंपाकघरात गेले आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवला.

"हा इथंच राहील," मी म्हणाले. "तुम्ही पुण्याला जायचं. सोबतीला मी. बघणारी."

"कशी बघणार?"

"कडेनं."

"राजमती, हट्ट करू नकोस."

"करणार. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, तुम्हाला काय विचारायचंय त्यात?"

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या त्या बाईंना फोन केला. त्यांनी पुन्हा सगळं नीट सांगितलं. डोळ्यापुढे मोठं घड्याळ आहे असं समजायचं, वस्तू त्याच्या मधोमध. मग एकेका आकड्याकडे बघायचं आणि कुठल्या आकड्याकडे बघताना वस्तू सगळ्यांत स्पष्ट येते ते शोधायचं. तो आपला आकडा. पुढे जन्मभर तिकडेच बघायचं. माझा आकडा एक निघाला. म्हणजे वर, जरासं उजवीकडे.

ऐकायला सोपं आहे. करून बघा. डोळ्याला एकच खोड असते: ज्याची ओढ, तिकडे धाव घ्यायची. मला भूपाल बघायचे असले की डोळे भूपालकडे धावणार, आणि धावले की भूपाल पुसले जाणार. जे बघायचं त्याकडे बघायची इच्छा दाबून धरायची, यापेक्षा अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. पहिल्या दिवशी चहा कपाच्या बाहेर ओतला. आमटीत दोनदा मीठ पडलं. दाराच्या कडेवर कपाळ आपटून टेंगूळ आलं. संध्याकाळपर्यंत डोकं असं ठणकायचं की तांदळाच्या डब्यापर्यंत जाऊन परत यायची. डबा उघडला मात्र नाही.

आक्काताई ताक घ्यायला पुन्हा येऊ लागल्या होत्या. एकदा म्हणाल्या, "राजमतीताई, बोलताय माझ्याशी आणि बघताय छताला. बाहेरचं काही लागल्यागत दिसतंय बघा."

"छताला बघितलं तरच तुमचं तोंड दिसतंय."

"कसं दिसतंय?"

"नाकात चमकी नवी घातलीय."

आक्काताईंनी नाकाला हात लावला आणि बसूनच घेतलं. चमकी दिसली नव्हती मला, नुसती एक चकाकी हलल्यासारखी वाटली होती. पण अंदाज बरोबर निघाला.

भूपाल हे सगळं लांबून बघत होते. मदत नाही, विरोध नाही. मग एके दिवशी न्याहारी झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातले काचेचे पेले टेबलावर मांडले. एकात साधं पाणी, एकात हळदीची चिमूट, एकात चहाचे थेंब, एकात कुंकू.

"सांग," म्हणाले.

नाही सांगता आलं. हळदीचा आणि चहाचा पेला मी उलटसुलट सांगितला. खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. उठायला लागले होते.

"थांबा. मागं पांढरा कागद धरा. आणि पेले खिडकीजवळ घ्या, असे अंधारात काय मांडता? फोटोग्राफर आहात ना तुम्ही?"

ते थांबले. कपाटातून जुना पांढरा कार्ड-पेपर काढला, खिडकीचा पडदा बाजूला ओढला, पेला कागदापुढे माझ्या तोंडाजवळ धरला. कडेची नजर रंगाला मंद असते, पण रंग मोठा करून, भरपूर उजेडात, पांढऱ्यासमोर धरला तर ती ओळखते. मी एक वाजल्याकडे बघितलं.

"हळद."

पुढचा पेला. "चहा." पुढचा. "कुंकू, पण तुम्ही आता त्यात पाणी वाढवलंय."

त्या दिवसापासून ते रोज परीक्षा घ्यायला लागले. आणि घेताना त्यांच्यात जुना भूपाल मगदूम जागा व्हायचा. उजेड इकडून हवा, कागद तिरका नको, हात स्थिर. हळद कमी कमी करत गेले. हिरव्या रंगासाठी पालकाचं पाणी केलं. एका सकाळी त्यांनी दोन पेले एकापाठोपाठ धरले आणि विचारलं, "जास्त पिवळा कुठला?"

मी पुन्हा पुन्हा बघितलं. नजर पळायला बघत होती, तिला धरून ठेवली.

"दोन्ही एकच आहेत. फसवताय मला?"

 मग पेले खाली ठेवल्याचा आवाज आला.

"त्रिशलाला फोन लाव," ते म्हणाले. "आणि बॅगा काढ वरच्या."

त्रिशला फोनवर खूप रडली. "मी रोज बघत होते गं, आई. रोज बघत होते."

"त्या तोंडावर माझाच हात फिरलाय, बाळा. तुला कसं कळणार? तू आता बाळंतपणाकडं लक्ष दे. इथलं मी बघते." 'बघते' म्हणताना मला माझाच अभिमान वाटला, तो लपवून ठेवत नाही.

पुण्याच्या हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "आजोबांबरोबर कोण आहे?"

"मी."

मी तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होते. तिनं वळून भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आजी, दुसरं कुणी नाही का?"

"नाही. आणि तुमचा कागद कुठं सही करायचा ते बोटानं दाखवा, म्हणजे पटकन होईल."

ऑपरेशनला सकाळ गेली, दुपार गेली. बाकावर बसून मी पांढरा कार्ड-पेपर मांडीवर धरून ठेवला होता. सर्जन बाहेर आले, गाठ सगळी निघाली म्हणाले, पण आतला सांधा जुळेपर्यंत लक्ष ठेवावं लागेल. नळीचं पाणी, डोळे, ताप. ते बोलत होते आणि मी त्यांच्या खांद्यापलीकडे बघत होते, म्हणून त्यांनी विचारलं, "समजतंय ना आजी?" मी सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं.

मग माझी नोकरी सुरू झाली. नळीची पिशवी उचलायची, मागे कागद धरायचा, एक वाजल्याकडे बघायचं. आधी लालसर होतं, मग फिकट. एके सकाळी कागदावर मला ते पालकाच्या पाण्यासारखं वाटलं. खात्री नव्हती. पिशवी खिडकीशी नेता येत नव्हती, म्हणून खिडकीचा पडदा पूर्ण उघडला आणि पुन्हा बघितलं. हिरवट. मी नर्सबाईंना हाक मारली. त्या आल्या, बघितलं आणि डॉक्टरांना घेऊन आल्या. सांध्यातून पित्त झिरपत होतं. औषधं बदलली, नळी सरकवली, पुन्हा फाडायची वेळ आली नाही. "वेळेत सांगितलंत," नर्सबाई म्हणाल्या. मी कागद पुसून पुन्हा मांडीवर घेतला. 

हिरवट जाऊन पाणी पुन्हा फिकट झालं. भूपालना ग्लानी असायची. आठवडा उलटल्यावर एका दुपारी मी कॉटशेजारी स्टुलावर बसले होते. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. ते जागे झाल्याचं मला श्वासावरून कळलं.

"राजमती."

"आहे इथंच."

"खिडकीत काय आहे?"

"काही नाही."

"मग तिकडं काय बघत बसलीस?" आवाज घोगरा होता, पण त्यात तीच दुकानातली हाक होती. "इकडं बघ की. इकडं."

पस्तीस वर्षं सगळा गाव त्या हाकेला वळला. मी वळले नाही. खिडकीच्या वरच्या कडीवर नजर घट्ट धरून बसले. कडेला ते होते. आत गेलेले गाल. खुरटी पांढरी दाढी, आणि हनुवटीवर व्रणाच्या जागी दाढीत पडलेली तीच फट, जी मी फोटोतून घालवली होती. कातडीवरचं पिवळं बरंच उतरलं होतं. डोळ्यांत ठिपका आहे की नाही, ते कडेनं दिसत नाही. असणारच. खिडकी समोर होती.

"इकडं बघितलं की तुम्ही पुसले जाता," मी म्हणाले. "हलू नका. बघू द्या मला."